अंगाईच्या आवाजावर डुलणारं चिमणाळं करायचं आहे, वाट दाखवा

रुखवतवाली:

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. गेली बावीस वर्षं रुखवताची कामं करते. लग्नसराईत तोरणं, रुमाल, मोत्यांचे कलश आणि बारशाला पाळण्यावरची चिमणाळी. माझा हात सुई-दोऱ्यावर चालतो. विजेच्या कामाला पहिल्यांदाच हात घातला आहे, म्हणून सगळं नीट सांगूनच विचारते.

लेक बाळंतपणाला आली आहे. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि मी नातीसाठी चिमणाळं केलं. अकरा चिमण्या, जुन्या खणांच्या तुकड्यांच्या. आत पिंजलेला कापूस, चोच लाल दोऱ्याने भरलेली, शेपटीला खणाचा काठ येईल असं बेतून कापलेलं. भरतकामाच्या मोठ्या रिंगला सगळ्या टांगल्या आहेत. प्रत्येक चिमणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, बारा ते चौदा ग्रॅम भरते.

बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या. त्याच वेळी कोणीतरी पंखा लावला आणि चिमण्या हलायला लागल्या. नात टक लावून बघत राहिली. तेव्हापासून डोक्यात बसलं आहे की या चिमण्या वाऱ्याने नाही, गाण्याने हलायला हव्यात. पंख्याने त्या नुसत्या गरगरतात. लेक अंगाई म्हणते तेव्हा त्या डुलाव्यात आणि ती थांबली की हळूहळू झोपाव्यात. पुढच्या महिन्यात ती नेरूळला सासरी जाईल, हे चिमणाळं तिच्याबरोबर जायचं आहे.

भाचा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम भरून चालवायची छोटी संगणक-पट्टी), आवाज ओळखणारी एक लाल पट्टी (तिच्यावर निळा स्क्रू आहे) आणि एसजी९० म्हणतात ती निळी छोटी सर्व्हो मोटर (सांगाल तेवढ्याच कोनात वळणारी) असं जोडून दिलं. मोटर रिंगच्या मधोमध बसवली. आता होतं असं की चिमण्या डुलत नाहीत, दचकतात. धाडकन एका बाजूला, धाडकन परत. स्क्रू एका बाजूला फिरवला तर पंख्यावरही चालू होतं, दुसऱ्या बाजूला फिरवला तर लेकीच्या बारीक आवाजाला दादच देत नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र हमखास उड्या मारतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा सुरू झालं की थांबत नाही. मोटर कुर्र करते, तो कुर्र पट्टीला ऐकू जातो, म्हणून मोटर पुन्हा हलते. भाच्याने दोन मोटरी लावून पाहिल्या, तर आर्डुइनोच सारखा बंद होऊन नव्याने सुरू व्हायला लागला.

भाच्याची परीक्षा आली आहे, त्याला आता त्रास द्यायचा नाही. कोणी सांगाल का, चुकतंय कुठे?

ऐरोलीकर:

ताई, रबाळे एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचं काम करतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. भाच्याचं काही चुकलेलं नाही, त्याला पट्टी चुकीची मिळाली आहे.

त्या लाल पट्टीवर आठ पायांची काळी चिप दिसेल, तिच्यावर ३९३ असं काहीतरी लिहिलेलं असेल. ती एलएम३९३. तिचं काम फक्त तुलना करण्याचं. आवाज स्क्रूने आखलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, एवढंच ती सांगते. किती वर, हे नाही. म्हणून तुमच्या चिमण्यांना डुलणं जमत नाही, त्यांना हो आणि नाही एवढे दोनच शब्द येतात. ही पट्टी टाळी वाजवून दिवा लावायला ठीक आहे.

मॅक्स४४६६ची माइकपट्टी आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळते. तिच्या पाठीवर बारीक स्क्रू असतो, त्याने आवाज पंचवीसपट ते सव्वाशेपट वाढवता येतो. दुकानदार कदाचित मॅक्स९८१४ पुढे करेल, ही जास्त चांगली म्हणून. तुमच्या कामाला ती घेऊ नका. ती आवाजाची पातळी स्वतःच सांभाळते. खोली शांत झाली की कान टवकारते आणि पंख्याची घरघर गाण्याएवढी करून ठेवते. भाषण रेकॉर्ड करायला उत्तम, पण जिथे शांतता ही शांतता म्हणूनच कळायला हवी तिथे नको. माइकला वीज ३.३ व्होल्टच्या पिनवरून द्या. पाच व्होल्टची लाइन मोटरच्या प्रत्येक झटक्याला हलते.

आता पंखा. लेक कुठल्या पट्टीत गाते? समजा पेटीवरची काळी चार. तिचा सा साधारण २०८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०८ कंपनांचा, आणि खालचा पंचम १५६चा. पंख्याची आणि विजेची घरघर ५० आणि १०० हर्ट्झला असते, म्हणजे दोघांमध्ये भिंत घालायला जागा आहे. बावीस किलोओहमचे दोन रेझिस्टर घ्या. एक ३.३ व्होल्टला, दुसरा ग्राउंडला, आणि दोघांचा सांधा आर्डुइनोच्या ए-झीरो पिनला, म्हणजे आवाजाचा आकडा वाचणाऱ्या पिनला. माइकचा सिग्नल त्या सांध्यावर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आणा. ही गाळणी सुमारे १४५ हर्ट्झच्या खालचं दाबायला लागते, पन्नासची घरघर तिसऱ्या हिश्श्यावर येते.

पुढचं काम प्रोग्रॅमचं. पन्नास मिलिसेकंद सतत वाचत राहायचं, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा. दोघांची वजाबाकी म्हणजे त्या क्षणाचा आवाज. लेकीचा सा एवढ्या वेळात दहा वेळा खालीवर होऊन जातो, त्यामुळे एवढं वाचन पुरतं. गेल्या एका मिनिटातला सगळ्यात शांत क्षण हा खोलीचा पाया समजून तो प्रत्येक आवाजातून वजा करा. गाणारं माणूस श्वास घेतंच, तेवढ्यात पंखा उघडा पडतो. सरासरी मात्र धरू नका. सरासरी धरली तर अंगाई लांबली की गाणंच पाया होऊन बसतं आणि चिमण्या गाण्याच्या मध्यात थांबतात.

आता डुलण्याचं गुपित. आलेला आकडा थेट मोटरला द्यायचा नाही. मनातल्या मनात एक पातळी ठेवायची. नवा आवाज तिच्यापेक्षा मोठा असेल तर दोघांतल्या फरकाचा चौथा हिस्सा वर चढायचं, लहान असेल तर ऐंशीवा हिस्साच खाली उतरायचं. सेकंदाला वीस वाचनं धरली तर चढायला क्षणभर लागतो आणि उतरायला चारेक सेकंद. लेकीने दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतला तरी चिमण्या थांबणार नाहीत.

आर्डुइनो बंद पडतो तो विजेच्या ओढीने. ती निळी मोटर अडली की काहीशे मिलिअँपिअर ओढते, ते लॅपटॉपच्या यूएसबीला झेपत नाही. मोटरीला वेगळा पाच व्होल्ट दोन अँपिअरचा अडॅप्टर द्या, ग्राउंड मात्र एकत्र जोडा आणि मोटरीच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याची उणी बाजू उण्यालाच.

कुर्र कुर्रचं उत्तर मला अर्धंच माहीत आहे. मोटर हलायची नसेल तेव्हा तिला जाणारा इशारा (पल्स) बंद करा, म्हणजे ती जागच्या जागी थरथरत बसत नाही. बाकी इथले जाणते सांगतील.

पोफळी:

विजेशिवाय नाही का होणार? आवाजाने पत्रा थरथरतो, तबल्यावर ठेवलेला तांदूळ उडतो. मग चिमणी का नाही?

ऐरोलीकर:

प्रश्न रास्त आहे. ९४ डेसिबल म्हणजे बऱ्यापैकी मोठा आवाज. त्याचा दाब एक पास्कल. दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद कागदावर त्याचा जोर एक ग्रॅम वजनाइतका. जवळून म्हटलेली अंगाई ७० डेसिबलच्या आसपास धरा, तिचा जोर याच्या सोळाव्या हिश्श्याइतका. शिवाय तो जोर सेकंदाला दोनशे वेळा पुढे आणि दोनशे वेळा मागे असा लागतो. कागद थरथरेल, पण जागचा हलणार नाही. थरथर मात्र सुंदर दिसू शकते. जर्मनीत क्लाडनी नावाच्या शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेला गज घासून सुरांच्या नक्ष्या काढून दाखवल्या होत्या. पत्र्याचा जो भाग हलत नाही तिथे वाळू गोळा होते. तबल्यावरचा तांदूळही उडतो तो पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) हलण्याने, हवेतल्या आवाजाने नाही. तेरा ग्रॅमची कापसाची चिमणी मात्र त्यावर डुलणार नाही.

देखावेवाला, कळवा:

रुखवतवाली ताई, मी तीस वर्षं गणपतीचे हलते देखावे करतो. पूर्वी सगळं वायपरच्या मोटरी आणि सायकलच्या चेनवर चालायचं. थर्मोकोलवर २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा, कापड आणि बांबूच्या कामट्या. तुमचं काम वाचून फार बरं वाटलं.

मोटर चिमण्यांच्या जवळ ठेवली हीच चूक. मोटर कपाटावर ठेवा, तिच्याखाली जुन्या गादीतला फोमचा तुकडा घाला, आणि तिथून रिंगपर्यंत तंगूस न्या. तंगूस म्हणजे मासे पकडायची नायलॉनची दोरी, बारीक घ्या, दिसतही नाही. वाटेत जिथे वळवायचा तिथे पडद्याची गोल कडी लावा. तंगूस नुसता ओढतो, ढकलत नाही. पण ढकलायची गरजही नाही. रिंग छताला टांगलेली आहे, ती आपल्या वजनानेच परत येते. माइक मोटरीपासून दूर, लेक जिथे बसून गाते त्या बाजूला. निम्मा कुर्र तिथेच गेला.

दुसरं, चिमणीला हलवू नका. तिला जिथून टांगलं आहे ते हलवा, तेही किंचित. मोटरीचा दोन सेंटिमीटरचा हात दहा अंश फिरला तरी तंगूस तीन-चार मिलिमीटर ओढला जातो. एवढं पुरे, पण ते वेळेवर झालं पाहिजे. झोपाळ्यावरच्या पोराला आपण जोर लावून ढकलत नाही, तो परत येतो त्या क्षणी बोट लावतो.

ती वेळ दोऱ्याच्या लांबीत असते. चिमणी किती जड आहे याच्याशी तिचा संबंध नाही. पंचवीस सेंटिमीटरच्या दोऱ्यावरची चिमणी एका सेकंदात जाऊन परत येते. सोळाच्या दोऱ्यावरची ०.८ सेकंदात, छत्तीसची १.२ मध्ये. ही मोजमापं माझ्या भिंतीवर खडूने लिहिलेली आहेत. तुम्ही अकराही चिमण्या एकाच लांबीच्या लावल्या असतील तर त्या कवायत करतील. तीन लांब्या करा. मग मोटरीला सांगा, सेकंदाला एक हेलकावा. आवाज वाढला तर हेलकावा मोठा कर, घाई वाढवू नकोस. पंचवीसवाल्या आधी जाग्या होतील, मग त्यांच्या हलण्याने बाकीच्या.

कधी जमलं तर कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या. तिथे ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. मी त्या बाहुल्या बघितल्या तेव्हा माझी सगळी समजूत बदलली. दोरा थांबल्यानंतर बाहुली जे थोडंसं हलते ना, त्यात जीव असतो. मोटर ते कधीच करत नाही, वजन आणि दोरा करतात.

घणसोलीची सिस्टर:

ताई, मी नवजात बाळांच्या वॉर्डमध्ये बरीच वर्षं होते, म्हणून काळजीने लिहिते. तंगूस, मणी, अडॅप्टरची वायर, यातलं काहीही पाळण्याच्या वर किंवा हाताच्या टप्प्यात नको. चार-पाच महिन्यांत बाळ दिसेल ते धरून ओढायला लागतं. तंगूस बोटाला गुंडाळला गेला तर सुटत नाही. चिमणाळं पायाच्या बाजूला, पाळण्याच्या कडेबाहेर, उंच टांगा. डोळे मणी लावून केले असतील तर काढून दोऱ्याने भरा.

आणखी एक. अगदी लहान बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. पुढे हळूहळू नजर लांब जाते. तोवर तिला ठळक रंग कळतात, लाल, काळा, पांढरा. आणि ती आडवी असते. तिला चिमणीची पाठ नाही, पोट दिसतं.

रुखवतवाली:

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मी जमिनीवर चटई टाकून चिमणाळ्याखाली आडवी झाले. बावीस वर्षांत हे मी एकदाही केलं नव्हतं. शंभराच्या वर चिमणाळी केली असतील. सगळी शोभा पाठीवर. पंखांवर टिकल्या, शेपटीला काठ. आणि खालून काय दिसतं, तर टाक्यांची शिवण आणि फिकट अस्तर. त्या सगळ्या बाळांनी तेच बघितलं असणार. रात्री बसून अकराही चिमण्या उसवल्या. पोटाला आता काळ्या चंद्रकळेचे तुकडे लावले आहेत, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने तीन ओळी साखळीटाका आणि मध्ये लाल ठिपका. मणी काढले, डोळे भरले.

आता कामाचं सांगते. तीन आठवडे झाले. ऐरोलीकरांनी सांगितलेली माइकपट्टी आणली, भाच्याची परीक्षा संपल्यावर त्याने प्रोग्रॅम नव्याने लिहिला. मोटर कपाटावर गेली, दोऱ्यांच्या तीन लांब्या केल्या. पहिल्या संध्याकाळी लेक गायला बसली. पहिली ओळ संपत आली तेव्हा मधल्या चार चिमण्या हलल्या, इतक्या हळू की मला आधी भास वाटला. दुसऱ्या ओळीला बाकीच्या. ती श्वास घ्यायला थांबायची, तेव्हा त्या डुलत राहायच्या. शेवटी ती गप्प झाली आणि एकेक चिमणी थांबत गेली. छत्तीसच्या दोऱ्यावरची सगळ्यात शेवटी.

कुर्र जवळजवळ गेला. रात्री फार शांत असलं की मोटर किंचित ऐकू येते, पण चिमण्या तिला दाद देत नाहीत.

पण एक गोष्ट झाली, तिच्यासाठी मी दोन रात्री जागले. नात रडायला लागली की चिमण्या सगळ्यात जोरात नाचायच्या. तिचं रडणं गाण्याच्याच पट्टीत, थोडं वर, आणि चौपट मोठं. गाळणीने ते वेगळं होत नाही. भाचा म्हणाला, चांगलंच आहे की, रडलं की खेळणं चालू. मला ते पटलं नाही. पोरगी कळवळून रडते आहे आणि समोर चिमण्या थयथयाट करताहेत, हे बघवेना. ती आणखीच बिथरायची. शिवाय रडलं की चिमण्या नाचतात हे तिला शिकवायचं आहे का?

आमच्या मागच्या गल्लीत एक पिंपळ आहे, दिवेलागणीला त्याच्यावर पाखरांचा कलकलाट असतो. कोणी दुकानाचं शटर जोरात ओढलं की सगळं झाड एकदम गप्प. मग शांतता थोडी टिकली की एक पाखरू बोलतं, मग दोन, मग सगळी. मी भाच्याला म्हटलं, चिमण्यांना हेच शिकव. आवाज एका मर्यादेपर्यंत गेला तर डुलायचं. त्याच्या वर गेला तर हेलकावा थांबवायचा आणि आवाज उतरल्यावर दहा सेकंद काही करायचं नाही. त्याला प्रोग्रॅममध्ये चारच ओळी घालाव्या लागल्या. मर्यादा कुठे ठेवायची ते आम्ही लेकीकडून अंगाई, पाळणा आणि बोबडं बोलणं असं सगळं म्हणवून घेऊन ठरवलं.

आता कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, नात रडली, तरी चिमण्या स्तब्ध. आपण तिला उचलून घेतो, ती मुसमुसते, आपण गुणगुणायला लागतो आणि मग मधल्या चार हलतात. काल रात्री लेक शब्द न उच्चारता नुसती हं हं करत होती, त्यालाही त्या डुलल्या.

अजून एक शंका आहे. नेरूळच्या घरात बेडरूमला फॉल्स सीलिंग आहे, हूक कुठेच नाही. रिंग, चिमण्या, दोरे मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आत आहे. त्या फॉल्स सीलिंगलाच हूक लावला तर चालेल का?

देखावेवाला, कळवा:

फॉल्स सीलिंगला नको. वजन थोडं असलं तरी रोज सेकंदाला एक हिसका बसणार आहे, जिप्समच्या शीटमध्ये स्क्रू हळूहळू सैल होतो. खिडकीच्या पडद्याची दांडी भिंतीत पक्की असते. तिच्या ब्रॅकेटवरून बांबूची एक कामटी हातभर पुढे काढा आणि तिला टांगा. कामटी थोडी लवते, डुलण्याला ते चांगलंच. पाळणा मात्र तिच्याखाली नको, सिस्टरनी सांगितलं तसा कडेला. जायच्या आधी दोन दिवस नौपाड्यातच तसं टांगून बघा. लवचीक कामटीमुळे हेलकाव्याची वेळ थोडी बदलेल, तेवढी प्रोग्रॅममध्ये दुरुस्त करून घ्या.

रुखवतवाली:

कामट्या घरात आहेतच, गेल्या दिवाळीच्या कंदिलातल्या. आज रात्रीच लावून बघते.